बेडशाचा खड्डा आणि पाच टायर

पर्युषण आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आईला तिच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामांकडे पवनानगरला न्यायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मामांचे तेथे किराणा दुकान आहे, आणि खमतखामणा दूरध्वनीवरून होत नसतो, असे दोघांचेही ठाम मत आहे. गेल्या वर्षी, म्हणजे ३१ ऑगस्ट २०२५ रोजी, आम्ही तळेगावहून सात जण आमच्या अर्टिगा गाडीतून निघालो. मावळातला पाऊस ओसरला नव्हता. कामशेतला महामार्ग सोडून पवनानगरच्या रस्त्याला लागलो आणि बेडशाच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक धाडकन गेले.

या बेडशाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. येथील डोंगरातील लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील उंच स्तंभ आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली युगुले पाहण्यासाठी दूरदूरची माणसे पायऱ्या चढून येतात. आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट वेगळीच आहे. तेथील एका ब्राह्मी लेखात नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. लेणे बौद्धांचे, परंतु दान देणारा एका शेटजींचा मुलगा! नाशिकहून मावळापर्यंत तो कोणत्या वाहनाने आला असेल, हा विचार मी पूर्वी अनेकदा केला आहे. त्या रविवारी मात्र माझे सारे लक्ष डाव्या चाकाच्या आवाजाकडे लागले होते.

आवाज काही आला नाही. गाडी सरळ चालत राहिली, मामांकडे जेवण झाले, गप्पा झाल्या. परतताना हवा तपासण्यासाठी कामशेतला पंक्चरवाल्याकडे थांबलो. हवा ठीक होती. परंतु त्या माणसाने सवयीने टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि तो थांबला. म्हणाला, "काका, याला आतून फुगा आलाय. हा टायर घेऊन पुढं जाऊ नका." मी वाकून पाहिले. लिंबाएवढा उंचवटा होता. खड्ड्याचा मार बसतो तेव्हा खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमट्यात टायरची बाजू सापडते, आतले धागे तुटतात आणि त्या जागी केवळ रबर हवेचा दाब सोसत राहते. असा फुगा दुरुस्त होत नाही. त्याला ठिगळ लावता येत नाही. तो कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. आणि तो बाहेरच्या बाजूस नसेल तर दिसतही नाही. आम्ही पवनानगरहून कामशेतपर्यंत सात जीव घेऊन त्याच चाकावर आलो होतो.

स्टेपनी चढवली आणि सावकाश घरी आलो. टायर बदलायचे हे तेथेच ठरले. प्रश्न उरला तो किती, कोणते आणि केव्हा एवढाच. हे तीन प्रश्न सोपे नाहीत, हे पुढच्या पाच दिवसांत मला कळून आले.

आधी "किती" पाहू. आमची गाडी २०१९ च्या दिवाळीतील. सहा वर्षांत जेमतेम अडतीस हजार किलोमीटर चाललेली, कारण त्यातील दीड-दोन वर्षे महासाथीमुळे ती उभीच होती. टायरची नक्षी पाहता कोणीही म्हणाले असते की माल अजून चांगला आहे. नक्षीच्या खोबणीत ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची ती अखेरची मर्यादा होय. आमच्या टायरांवर साडेतीन-चार मिलिमीटर शिल्लक होते. चिरंजीवांचे म्हणणे असे, की एकच टायर घ्यावा, फार तर दोन.

आयुष्याची छत्तीस वर्षे मी बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात घालवली. तारण म्हणून ठेवलेल्या मालाची वहीतील किंमत एक असते आणि गोदामात गेल्यावर दिसणारी किंमत दुसरीच असते, हे त्या नोकरीने मला शिकवले. टायरचेही तसेच आहे. नक्षी ही त्याची वहीतील किंमत. रबराचे वय ही गोदामातील. रबर ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे वापराविनाही कडक होत जाते, त्याला बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. टायरच्या बाजूवर लांबलचक अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर ३४१९ होते, म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा. बॅटरी लावून नीट पाहिले तेव्हा मागच्या दोन्ही टायरांच्या नक्षीच्या तळाशी केसासारख्या चिरा दिसल्या. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, असे टायर कंपन्याच सांगतात. सातत्याने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याहून लवकर निर्णय घ्यावा लागतो. आमची गाडी दारात उन्हातच उभी असते. एकाचे चार झाले ते असे.

ज्यांना काही कारणाने दोनच घ्यायचे असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दुकानात बहुधा उलटे करतात. नवे दोन टायर मागच्या चाकांना लावावेत, गाडीला शक्ती पुढच्या चाकांतून मिळत असली तरीही. पुढचे चाक घसरू लागले तर चालकाला ते स्टिअरिंगवर जाणवते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि भरलेल्या गाडीत ती सावरणे सराईतालाही कठीण जाते.

आता "कोणते". टायरवर १८५/६५ आर १५ ८८ असे काही लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा इंचांत रिमचा व्यास. त्यापुढचा ८८ हा भारांक, आणि आपल्या दृष्टीने तोच कळीचा. भारांक ८८ म्हणजे त्या टायरने योग्य हवेवर ५६० किलो वजन पेलावे. चार टायरांचे झाले २२४० किलो. आमच्या जातीच्या गाडीचे स्वतःचे वजन साडेअकराशे ते बाराशे किलो. सात माणसांचे सव्वाचारशे किलो धरा, डबे-पिशव्यांचे पन्नास-साठ. गोळाबेरीज सतराशेच्या आत राहते, म्हणून वरकरणी भरपूर शिल्लक वाटते. परंतु वजन चारही चाकांवर सारखे नसते. तिसऱ्या रांगेत माणसे आणि त्यांच्या मागे सामान असले की मागची चाके दबतात. घाट उतरताना ब्रेक लावला की तोच भार पुढे सरकतो. वळणावर बाहेरच्या चाकावर येतो. खात्यात शिल्लक दिसते तिचा बराचसा भाग आधीच कोणाला तरी देऊन ठेवलेला असतो, तसे हे आहे. भारांकानंतर एक अक्षर येते, ते वेगाचे. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. एक्स्प्रेस वेची मर्यादा १०० ची असताना याचा काय उपयोग, असे वाटेल. ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो याचेही निदर्शक आहे. म्हणून मूळ टायरवर जे असेल त्याच्या खाली जाऊ नये.

येथे चिरंजीवांनी आपला प्रस्ताव मांडला. टायर बदलतोच आहोत तर रिमही बदलू. पंधराऐवजी सोळा इंची मॅगव्हील घेऊ आणि त्यावर १९५/५५ आर १६ बसवू. गाडी देखणी दिसेल, वळणावर घट्ट राहील. सूनबाईंचाही त्याला पाठिंबा होता. मी नाही म्हणण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेतली. मूळ चाकाची एकूण उंची ६२१.५ मिलिमीटर भरते, नव्या चाकाची ६२०.९. म्हणजे वेगमापक जवळजवळ बरोबरच राहिला असता. साधारणतः तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात, येथे तर तो नगण्यच. हिशेबाच्या या पहिल्या ओळीत चिरंजीव उत्तीर्ण झाले.

दुसऱ्या ओळीत मात्र अडले. मूळ टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच, नव्याची १०७. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये तेरा मिलिमीटर रबर कमी. बेडशाच्या ज्या खड्ड्याने १२० मिलिमीटरच्या टायरला फुगा आणला, त्याने १०७ च्या टायरचे काय केले असते? शिवाय १९५/५५ आर १६ चा नेहमीचा भारांक ८७, म्हणजे ५४५ किलो. दर चाकामागे पंधरा किलोंची घट. अधिक भाराचे, मजबूत बांधणीचे टायर त्या मापात मिळतात, परंतु ते मुद्दाम मागावे लागतात आणि महाग पडतात.

मॅगव्हील वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. चांगल्या बनावटीचे असेल तर ते बिनबोभाट वर्षानुवर्षे चालते आणि ब्रेकची उष्णताही बरी बाहेर जाते. पण आपल्या रस्त्यांवर दोघांच्या स्वभावातला फरक ध्यानात घ्यावा. पोलादी रिम, जिला गॅरेजमध्ये डिस्क म्हणतात, मार बसला तर वाकते आणि लहानसा वाक ठोकून सरळ करता येतो. मिश्रधातूची रिम वाकण्याऐवजी तडकू शकते, आणि तडकलेल्या रिमला वेल्डिंग करून वापरणे धोक्याचे. घ्यायचीच असेल तर केवळ इंच जुळून भागत नाही. नटांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, चाक आत-बाहेर किती बसते ते अंतर, आणि मधल्या छिद्राचा व्यास, हे तिन्ही मूळ गाडीप्रमाणे हवेत. रिमवर आयएसआय चिन्ह पाहावे. नटही त्याच रिमचे असावेत. काहींचे बूड शंकूसारखे असते, काहींचे गोलसर, आणि एकाचे नट दुसऱ्याला लावले तर घट्ट वाटूनही ते पुरते बसत नाहीत. कोणतेही चाक नव्याने बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापाबाहेर जाणार असाल तर विमा कंपनीस आधी लेखी कळवावे.

विम्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. बेडशाच्या खड्ड्याचा टायर विम्यातून मिळेल, अशी घरात सर्वांची समजूत होती. पॉलिसीच्या सहाव्या पानावरील मजकूर मी वाचून दाखवला. गाडीचे इतर नुकसान झालेले नसताना केवळ टायरला इजा झाली तर नेहमीच्या पॉलिसीत काहीही मिळत नाही. गाडीही त्याच वेळी नुकसान पावली असेल तर टायरच्या बदलीखर्चाच्या निम्म्यापर्यंतच भरपाई. टायरसाठी वेगळे जोडसंरक्षण मिळते, ते आम्ही घेतलेले नव्हते. आपल्यापैकी किती जणांनी ते सहावे पान वाचले असेल, याचा अंदाज मला बँकेतील अनुभवावरून आहे!

सोळा इंचांचा ठराव असा बारगळला. मग दुकानात गेल्यावर दुकानदाराने तिसरेच सुचवले : १९५/६५ आर १५. "साहेब, हेच सगळे घेतात. रुंद आहे, पकड वाढेल." रिम तीच, भारांक ९१ म्हणजे ६१५ किलो. वाईट सूचना नव्हती. परंतु चाकाची उंची दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वेगमापक १०० दाखवील तेव्हा गाडी १०२ ने धावत असेल. आणि टायर रुंद झाला की साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, इंधनही थोडे अधिक खातो. लोणावळा-मावळच्या पावसात रुंदीपेक्षा खोबणीतून पाणी बाहेर फेकले जाणे महत्त्वाचे. मी मूळ मापच मागितले. मागाहून कळले की त्या दिवशी त्यांच्याकडे १९५ चा साठा जास्त होता. यात त्यांचा फार दोष आहे असे मी म्हणणार नाही. दुकानात बसणाऱ्या आपल्या वाचकांना ते अधिक समजेल.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसलो. त्यांनी काढलेल्या चारांपैकी दोन टायर त्याच वर्षीचे होते आणि दोन जवळजवळ दोन वर्षांपूर्वीचे. जुना माल आधी खपवावा हा व्यापाराचा नियमच आहे, परंतु गिऱ्हाइकानेही तो ओळखून घ्यावा हा दुसरा. चारही आकडे एकेका टायरवर वाचले आणि दोन बदलून घेतले. आयएसआय चिन्ह पाहिले. बिल पक्के घेतले, टायरचे अनुक्रमांक त्यावर लिहून घेतले. त्याविना कंपनीची हमी म्हणजे तोंडी बोलणे.

कोणत्या जातीचा टायर, या प्रश्नावर मी थोडा अधिक वेळ घालवला, आणि पैसे वाचतात किंवा वाया जातात ते येथेच. ढोबळमानाने, कडक रबराचा टायर जास्त किलोमीटर चालतो आणि मऊ रबराचा ओल्या रस्त्यावर अधिक धरून ठेवतो. आता आमची गाडी वर्षाला सहा-साडेसहा हजार किलोमीटर चालते. सहा वर्षांत चाळीस हजार. मी सत्तर हजार चालणारा टायर घेतला तर त्यातील तीस हजार कधीच वापरणार नाही. रबर त्याआधीच म्हातारे होईल. न वापरायच्या किलोमीटरची किंमत मोजून पावसातली पकड गमवायची, हा कोणता व्यवहार? माझे बार्शीचे चुलतबंधू याच्या अगदी उलट. त्यांची इनोव्हा बाजाराच्या कामासाठी वर्षाला तीस हजारांवर धावते, बहुतेक कोरड्या रस्त्यावर. त्यांचे टायर दोन वर्षांत झिजतात, म्हाताऱ्या होण्यास त्यांना सवडच मिळत नाही. त्यांनी दीर्घायुषी टायर घ्यावा. एकाच कुटुंबातील दोन गाड्यांना एकच टायर योग्य असेल असे नाही, आणि "आम्ही हाच घेतला, तुम्हीही घ्या" हा सल्ला म्हणूनच ऐकू नये. रिट्रेड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, मालट्रकांना शोभतात. कुटुंबाच्या गाडीला नकोत. नव्या गाडीवरून लगेच उतरवलेले कोरे टायर बाजारात स्वस्त मिळतात, ते तारीख आणि बिल पाहून घेण्यास हरकत नाही.

राहिला "केव्हा", आणि घरात खरा वाद पेटला तो यावर. बुधवारी, ३ सप्टेंबरच्या रात्री, जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला : टायरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. दुकानदाराचा भाव करासह ५,५०० रुपये होता. मूळ किंमत काढली तर ४,२९७. त्यावर १८ टक्के म्हणजे ५,०७०. दर टायरमागे ४३० रुपये, चारांमागे १,७२० रुपयांची बचत, आणि थांबायचे फक्त अठरा दिवस. ज्या घरात तीन पिढ्या पेढीवर बसल्या, त्या घरात हा आकडा ऐकून कोण गप्प बसेल? चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढी वर्षे चाललेच ना हे टायर? आणखी अठरा दिवस." मामांचाही पवनानगरहून फोन आला, थांबा म्हणून.

दुसरीकडे आईला दर शुक्रवारी चिंचवडला गुडघ्याच्या व्यायामोपचारासाठी न्यावे लागते. लोकलची चढउतार तिला आता जमत नाही. गाडी उभी ठेवायची तर दोन-तीन शुक्रवारचे भाडे त्या बचतीतून बहुतेक वजा झाले असते. आणि न उभी ठेवता चालवायची, तर त्याच चिरा पडलेल्या टायरांवर. मी थकीत कर्जांच्या फायली पुष्कळ पाहिल्या आहेत. "आणखी पंधरा दिवस थांबा" हे वाक्य त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक फायलीत मला आढळले होते. हे मी बोललो नाही, फक्त शुक्रवारी सकाळी आईला घेऊन जाण्याआधी दुकान उघडताच गाडी तेथे नेली. चार टायर, नवे वॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नायट्रोजनचा आग्रह झाला, तो नाकारला; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि पंधरवड्याला एकदा थंड टायरची हवा तपासणाऱ्याला उरलेल्या टक्क्यांची चिंता करण्याचे कारण नाही. हवा किती, हे चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर लिहिलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्यावर वेगळा आकडा असेल तर मामांकडे जाताना तो पाळावा. कमी हवेचा टायर बाजूंनी सारखा दुमडतो, तापतो, आणि एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर फुटण्याचे ते मोठे कारण आहे.

जुन्या टायरांचे दुकानदार काहीतरी देऊ करतात. तिघांचे पैसे मी घेतले. चौथा, फुग्याचा, मला तेथे तसाच सोडवेना. तो कोणाच्या तरी टेम्पोला किंवा रिक्षेच्या हातगाडीला लागणार हे दिसत होते. मी मुलाला तो कापायला सांगितले. तो दुकानदाराकडे पाहू लागला, दुकानदार माझ्याकडे. शेवटी त्याने बाजूवर चाकू चालवला आणि माझ्या बिलातील दीडशे रुपये कमी व्हायचे राहिले. आई गाडीतून हे सारे पाहत होती. ती काही बोलली नाही, परंतु चिंचवडला पोहोचेपर्यंत तिने माळही काढली नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिली.

स्टेपनी मात्र त्या दिवशी बदलली नाही. ती न वापरलेली होती, पण वय तिचेही सहा वर्षेच. अडीअडचणीला, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत, एवढ्यापुरती ती अठरा दिवस ठेवली. २४ सप्टेंबरला पाचवा टायर घेतला, बिल ५,०७० रुपयांचे झाले. चिरंजीवांनी ते बिल मोबाईलवर छायाचित्र काढून मामांना पाठवले.

कार्तिकात पुन्हा पवनानगरला गेलो. बेडशाचा तो खड्डा खडी टाकून भरलेला होता, चार पावले पुढे दुसरा तयार झाला होता. परतताना कामशेतला तोच पंक्चरवाला भेटला. त्याने न सांगता चारही टायरांच्या आतून हात फिरवला, मग डिकी उघडायला लावून स्टेपनीची हवा पाहिली. ती चौदा पौंडांनी कमी होती. नवी कोरी स्टेपनी बसवून घेताना तिच्यात पुरती हवा भरून घ्यायची राहून गेली होती, आणि दीड महिन्यात घरातील कोणीही ती पाहिली नव्हती, मीसुद्धा.